वऱ्हाडांतील वर्षाची बेगमी

हल्लीं शहरांतील कुटुंबांत एक नवी चाल रूढ होत आहे. रविवारीं सकाळीं आठवड्याच्या जेवणाचा तक्ता लिहावयाचा, भाज्या चिरून फ्रीजमध्यें ठेवावयाच्या, आणि मग शनिवारपर्यंत निश्चिंत असावयाचें. चाल सोयीची आहे यांत शंका नाहीं. परंतु ही विद्या परदेशांतून आली असें जेव्हां कोणी सांगूं लागतो, तेव्हां त्याला बुलढाणा जिल्ह्यांतील एखाद्या जुन्या घराच्या कोठीच्या खोलींत नेऊन उभें करावें असें मनांत येतें. तेथील गृहिणी आठवड्याची आखणी करीत नसे. ती वर्षाची करी, आणि ती चुकली तर श्रावण-भाद्रपदांत घराला त्याचें प्रायश्चित्त घ्यावें लागे.

हिशेब साधा होता, पण तो तोंडपाठ असावा लागे. पांच माणसांचें घर धरलें आणि माणशीं रोज अर्धा किलो ज्वारी धरली, तर वर्षाला सुमारें नऊ क्विंटल ज्वारी होते. यांत बलुतेदारांचा वांटा नाहीं, पाहुणा नाहीं, आणि पुढल्या पेरणीचें बियाणें तर मुळींच नाहीं. त्या बियाण्याला हात लावण्याची पाळी येणें म्हणजे घराची अब्रू गेल्यासारखेंच मानीत.

हें धान्य ठेवावयाचें कोठें? तुऱ्हाट्यांच्या किंवा बांबूच्या कणग्या शेणमातीनें लिंपून घेत. मोठ्या घरांतून भिंतींतच बळदें बांधलेलीं असत. परंतु दीर्घ साठवणीसाठीं खरा भरंवसा पेवाचा. जिल्ह्याच्या काळ्या जमिनींत पेव टिकत नाहीं, कारण ती माती पावसाळ्यांत फुगते आणि उन्हाळ्यांत भेगाळते. म्हणून पेवें गांवठाणाच्या पांढरींत खणीत. तोंड अरुंद, पोट रुंद, आंत कडब्याचें अस्तर, वर मातीचें लिंपण. आंत कोंडलेलें धान्य श्वसन करतें, त्यानें प्राणवायु सरतो, कर्बवायु साठतो आणि कीड गुदमरून मरते. हें रसायन त्या काळीं कोणी शिकविलें नव्हतें. पण पेव उघडल्यावर लगेच आंत उतरूं नये, आधीं दिवा सोडून पाहावा, हें मात्र पोरांनाही ठाऊक असे. दिवा विझला तर माणूसही विझेल! पेवांतल्या ज्वारीला एक कुबट वास येई खरा, पण दुष्काळांत त्या वासाबद्दल कोणी तक्रार केली असेल असें वाटत नाहीं.

धान्याचें झालें तें पुरुषांचें काम. त्यापुढचें सारें बायकांचें, आणि त्याची नोंद कोणत्याही दफ्तरांत सांपडावयाची नाहीं. चैत्र-वैशाखाचें ऊन हेंच त्यांचें भांडवल. गहूं तीन दिवस, रोज पाणी बदलून, भिजत घालावयाचा, वाटून त्याचा चीक काढावयाचा, तो शिजवून सोऱ्यानें खाटेवर कुरडया घालावयाच्या. पापड, शेवया, सांडगे, ज्वारीचे बिबडे, गवारीच्या वाळविलेल्या शेंगा, सांडगी मिरची, कैरीचें लोणचें, तेलाचा हात लावून उन्हांत घातलेली तुरीची डाळ: हें सर्व मृगापूर्वीं, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आंत, संपलें पाहिजे. शेजारणी आळीपाळीनें एकमेकींच्या अंगणांत जात. पावसाळ्यांत ताजी भाजी मिळेना झाली कीं हींच वाळवणें ताटांत येत. चार महिन्यांची भाजी अशी दोन महिन्यांच्या उन्हांत आगाऊ शिजून तयार असे, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

ही व्यवस्था ढासळूं लागली ती कापसामुळें. १८५३ सालीं वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं झाला. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला. आगगाडी मलकापूर, नांदुरा, शेगांव अशी पुढें सरकत १८६७ सालीं नागपुरास पोंचली. १८७० सालीं खामगांवचा फांटा उघडावयास स्वतः गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो आला. हातांत रोकड खेळूं लागली. धान्य विकत मिळतें, मग पेव कशाला, असा विचार शेतकऱ्यानें केला असेल तर त्याला मूर्ख म्हणण्याचा अधिकार आपणांस नाहीं.

पण १८९९-१९०० चा, संवताच्या आंकड्यावरून छप्पन्नचा म्हणून ओळखला जाणारा दुष्काळ आला, तेव्हां या हिशेबांतील चूक दिसली. आगगाडी धान्य आणूं शकत होती. पण पीक बुडाल्यावर तें विकत घेण्यास मजुराजवळ पैसा नव्हता, आणि घरांत कणगी नव्हती. येथें एक गोष्ट कबूल केली पाहिजे. जुन्या काळींही भूमिहीन मजुराच्या घरीं पेव नव्हतेंच. त्याची बेगमी मालकाच्या पेवांत होती, आणि ती मिळणें न मिळणें मालकाच्या मर्जीवर होतें. बेगमीचें गुणगान करणारे आपण मध्यमवर्गीय लोक ही बाब सोयीस्करपणें विसरतों.

पुढें दुसऱ्या महायुद्धांत धान्यटंचाई आली, नियंत्रणें आलीं, शिधापत्रिका आली, आणि मोठमोठ्या साठ्यांकडे सरकार संशयानें पाहूं लागलें. आजीनें ज्याला बेगमी म्हटलें त्याला नातवाच्या काळांत साठेबाजी हा शब्द ऐकूं येऊं लागला. १९७२ च्या दुष्काळांत तर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी स्वस्त धान्याच्या दुकानांतून खाल्ली आणि कामावर सुकडी वांटून घेतली; हें सांगणारीं माणसें जिल्ह्यांत अजून आहेत. ज्वारीच्या मुलखांत परकी ज्वारी!

एवढें होऊनही जुन्या बेगमीची एक खूण उघड्या शेतांत दरवर्षीं मांडली जाते. जळगांव जामोद तालुक्यांतील भेंडवळ गांवीं अक्षय्यतृतीयेच्या संध्याकाळीं घटमांडणी होते. ही प्रथा साडेतीनशें वर्षांची आहे असें तेथील परंपरा सांगते. वर्तुळांत अठरा धान्यें ठेवावयाचीं. मध्यें खड्डा, त्यांत पावसाच्या चार महिन्यांचीं चार ढेंकळें, त्यांवर पाण्यानें भरलेली घागर. आणि पुरी, पापड, कुरडई, सांडोळी, वडा, करंजी. दुसऱ्या दिवशीं पहांटे त्यांत काय हाललें, काय विरघळलें हें पाहून वर्षाचें पीकपाणी वर्तवितात. या भाकितावर आमचा विश्वास नाहीं. पण मांडणीकडे पाहिलें म्हणजे वाटतें कीं, ही ज्योतिषाची कमी आणि स्वयंपाकघराची अधिक आहे. पुरी ही तेथें पृथ्वी, करंजी ही तिजोरी. वाळवणें नुकतीं उतरलीं असतांना, पेरणीला महिना-दीड महिना उरला असतांना, घरांत जें आहे तेंच शेतांत नेऊन पुढल्या वर्षाचा विचार करावयाचा.

त्या अठरा धान्यांत ज्वारी, तूर, हरभरा यांच्याबरोबर भादली आणि लाखही असते. भादली आतां शेतांत क्वचितच दिसते, आणि गेल्या तीन दशकांत जिल्ह्याच्या काळ्या जमिनीवर पसरलेल्या सोयाबीनला त्या वर्तुळांत जागा नाहीं. सोयाबीन थेट बाजारांत जातें. घरीं कणगींत तें कोणी ठेवीत नाहीं.