प्लाझ्माचा दाब मोजणारे वेटोळे

चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रात कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात. वाफेचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दीडशे पट असतो आणि तो दाबमापकावर वाचता येतो. कोळशाऐवजी सूर्याप्रमाणे हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचे संमीलन करून ऊर्जा मिळवायची झाली, तर मात्र दाबमापक चालणार नाही. अशी ऊर्जा वीस वर्षांत माणसाच्या ताब्यात येईल, असे भाकीत डॉ. होमी भाभा यांनी १९५५ साली जिनिव्हा येथील परिषदेच्या अध्यक्षपदावरून केले होते. ते खरे ठरले नाही, पण संशोधनाला वेग आला.

संमीलनासाठी लागणाऱ्या कोट्यवधी अंश तापमानाला वायूचा प्लाझ्मा होतो. त्याला भांड्याच्या भिंतींपासून दूर ठेवण्यासाठी चुंबकीय क्षेत्रात कोंडतात. चुंबकीय क्षेत्रालाही दाब असतो. १ टेस्ला क्षेत्राचा दाब सुमारे ४ वातावरणे भरतो आणि तो क्षेत्राच्या वर्गाप्रमाणे वाढतो. म्हणजे ५ टेस्लाला सुमारे १००. प्लाझ्माच्या दाबाला या चुंबकीय दाबाने भागले की येणाऱ्या गुणोत्तराला ‘बीटा’ म्हणतात. टोकामाक या कंकणाकृती यंत्रात ते सहसा काही टक्केच असते. बीटा जितका जास्त, तितका महागड्या चुंबकांचा उपयोग अधिक.

तो मोजायचा कसा? प्लाझ्मातील विद्युतभारित कण क्षेत्ररेषांभोवती फिरतात आणि मूळ क्षेत्राला विरोध करतात. दाब वाढला की विरोध वाढतो. यंत्राभोवती तारेचे वेटोळे घातले, तर क्षेत्रातील या अल्प बदलामुळे तारेत विद्युतदाब निर्माण होतो. शाळेत शिकवतो तोच फॅरडेचा नियम!

सोव्हिएत शास्त्रज्ञ आर्त्सिमोविच यांच्या गटाने टी-३ टोकामाकवर असे मोजमाप केले. दाबाला घनतेने भागून तापमान काढले आणि १९६८ साली नोव्होसिबिर्स्क येथे ते सुमारे एक कोटी अंश असल्याचे जाहीर केले. पाश्चात्त्यांचा विश्वास बसेना. मूठभर अतिवेगवान इलेक्ट्रॉनही हा आकडा फुगवू शकतात, अशी त्यांची शंका होती आणि ती रास्त होती.

आर्त्सिमोविच यांनी ब्रिटनमधील कल्हम प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनाच मॉस्कोला बोलावले. शीतयुद्धाच्या काळात ते आपली लेसर उपकरणे घेऊन गेले. इलेक्ट्रॉनांवरून विखुरलेल्या लेसर प्रकाशाच्या तरंगलांबीतील फरकावरून त्यांनी तापमान काढले. १९६९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: वेटोळ्याने खरे सांगितले होते. त्यानंतर जगभर टोकामाक उभे राहिले. १९८९ साली गांधीनगरजवळ ‘आदित्य’ सुरू झाला.

वर्गात चुंबक आणि वेटोळ्याचा प्रयोग दाखवताना ही हकिकत अवश्य सांगावी. एका मापनावर शंका घेणे हा अपमान नव्हे. वेगळ्या तत्त्वावरचे दुसरे मापन हेच तिचे उत्तर.