परीक्षा आणि लेखनिक

महाभारत सांगावे व्यासांनी आणि लिहावे गणेशाने, ही कथा सर्वांच्या परिचयाची आहे. सांगणाऱ्याने मध्ये थांबावयाचे नाही, ही गणेशाची अट. आणि अर्थ समजल्यावाचून लिहावयाचे नाही, ही व्यासांची अट. ग्रंथाचे कर्तृत्व मात्र व्यासांचेच राहिले. महाराष्ट्रात ज्ञानेश्वरांनी नेवाशास गीतेवर टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. तिला सच्चिदानंदी असे कोणी म्हटले नाही. विदर्भातील प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) तान्हेपणीच अंध झाले. तरी त्यांनी इतरांकरवी लिहवून विपुल ग्रंथरचना केली. सांगणारा एक आणि लिहिणारा दुसरा, यात आपल्या परंपरेला कधीही वावगे वाटले नाही.

वावगे वाटू लागले ते लेखी परीक्षा आल्यावर. पेशवाईत श्रावणमासी पुण्यास दक्षिणेसाठी विद्वान जमत. त्यांची परीक्षा प्रश्न विचारून आणि उत्तर ऐकून होई. तेथे लागे ती स्मृती, वाणी आणि बुद्धी. १८५७ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली आणि त्यांच्याबरोबर छापील प्रश्नपत्रिका व तीन तासांचे घड्याळ आले. या पद्धतीमुळे वशिल्याला पुष्कळ आळा बसला, हा तिचा गुण नाकारता येणार नाही. परंतु ज्ञानाबरोबर ती डोळ्यांची आणि बोटांचीही परीक्षा घेऊ लागली, आणि ही गोष्ट दीर्घकाळ कोणाच्या ध्यानात आली नाही.

अंधांच्या शिक्षणास आपल्याकडे याच सुमारास आरंभ झाला. मुंबईत १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलर्ड यांनी अंधांची शाळा काढली. म्हैसूरला १९०१ मध्ये एम. श्रीनिवासराव यांनी अंध व मूकबधिर मुलांसाठी शाळा सुरू केली. ब्रेल लिपीचे अनेक प्रकार वेगवेगळ्या प्रांतांत रूढ होते. १९५१ साली भारती ब्रेल मान्य होऊन सर्व भारतीय भाषांना एकच पद्धती मिळाली. वाचनाची वाट अशी मोकळी झाली, तरी परीक्षेची अडचण उरलीच. कारण विद्यार्थी ब्रेलमध्ये लिहील, पण ते तपासणाऱ्या प्राध्यापकाला वाचता येणार कसे? या प्रश्नाचे उत्तर म्हणून जुनाच लेखनिक परीक्षेच्या दालनात आला.

बंगळूर शहराचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. तेथे १९५९ साली एन. एस. हेमा यांच्या पुढाकाराने अपंगांची संघटना उभी राहिली. १९६९ मध्ये श्री रमण महर्षी अंध विद्यालय निघाले. पुढे १९९७ साली मूळचे बेळगावचे महांतेश किवडसण्णवर आणि त्यांचे मित्र नागेश या दोघा दृष्टिहीन तरुणांनी ‘समर्थनम्’ ही संस्था स्थापली. शाळांतून बाहेर पडलेली मुले महाविद्यालयांत जाऊ लागली, तशी परीक्षेच्या हंगामात लेखनिकांची टंचाई भासू लागली. ती काही अंशी भरून काढली शहरातील स्वयंसेवकांनी. त्यांपैकी पुष्पा एन. एम. यांनी शेकडो परीक्षांत लेखनिकाचे काम केले आणि २०१८ सालचा नारीशक्ती पुरस्कार त्यांना मिळाला. राष्ट्राने लेखनिकाचा गौरव करावा, ही घटना लहान नव्हे.

परंतु कोणाच्या सौजन्यावर अवलंबून असलेली सोय म्हणजे हक्क नव्हे. १९९५ च्या कायद्याने अंध व अल्पदृष्टी विद्यार्थ्यांना लेखनिक पुरविण्याचे कर्तव्य शिक्षणसंस्थांवर प्रथम टाकले. २०१३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी तासामागे किमान वीस मिनिटे अधिक द्यावीत असे ठरविले. म्हणजे तीन तासांची परीक्षा चार तासांची झाली. परीक्षेच्या एक दिवस आधी लेखनिकाची भेट व्हावी, हेही त्यात आले. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसांवर नेले व अध्ययन-अक्षमताही त्यांत नोंदली. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला चाळीस टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र नाही एवढ्याच कारणासाठी लेखनिक नाकारता येणार नाही.

तथापि एक पेच राहिलाच, आणि तो गणेशाच्या कथेतलाच आहे. लेखनिकाने उत्तर पुरवू नये म्हणून २०१८ च्या तत्त्वांनी सांगितले, की विद्यार्थ्याने स्वतः आणलेला लेखनिक शिक्षणाने त्याच्याहून एक पायरी खाली असावा. शंका निराधार नाही. परीक्षेची शुचिता राखलीच पाहिजे. पण गणिताचे चिन्ह ज्याने कधी पाहिले नाही, रसायनाची संज्ञा ज्याच्या कानावर कधी पडली नाही, त्याच्या हातून सांगणाऱ्याचे बरोबर उत्तरही चुकीचे उतरते. चूक लेखनिकाची, गुण जातात विद्यार्थ्याचे. व्यासांनी समजून लिहिणारा मागितला होता. परीक्षेने न समजणारा मागितला. दालनातील पर्यवेक्षक, ध्वनिमुद्रण, स्वतः वापरता येणारा बोलका संगणक, असे उपाय हाताशी असताना अविश्वासाचा सगळा भार विद्यार्थ्यावर टाकणे न्याय्य ठरत नाही.

अधिक वेळ आणि लेखनिक यांना ‘सवलत’ म्हणण्याची रीत आहे. हा शब्दच थोडा फसवा आहे. सवलत म्हणजे काही गुण माफ करणे. येथे एकही गुण माफ होत नाही. प्रश्न तोच, अभ्यासक्रम तोच, उत्तीर्ण होण्याची रेषाही तीच. काढून टाकावयाचा तो केवळ असा अडथळा, की ज्याची परीक्षा घेण्याचा विद्यापीठाचा मूळ हेतूच नव्हता. इतिहासाचा पेपर इतिहास किती समजला हे पाहण्यासाठी असतो. विद्यार्थ्याची बोटे किती वेगाने चालतात हे पाहण्यासाठी नव्हे. जी परीक्षा हा भेद ओळखते, तिच्याच निकालाला काही अर्थ उरतो.