न्याहाळकांचे पाठभेद

पाठभेद ही गोष्ट मराठीच्या अभ्यासकाला नवी नाही. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली, नेवाशाला ज्ञानेश्वरी सिद्ध झाली आणि शके १५०६ मध्ये, १५८४ साली, एकनाथांना तिची प्रत शुद्ध करावी लागली. मधल्या तीन शतकांत नकलकारांच्या हातून ग्रंथात पुष्कळ काही शिरले होते. ज्या अहमदनगर जिल्ह्यात नेवासे आहे, त्याला २०२४ पासून अहिल्यानगर म्हणतात. त्याच नगर शहरातून १८४२ साली 'ज्ञानोदय' निघाले. छपाईमुळे एका आवृत्तीच्या सर्व वाचकांपुढे एकच पाठ येऊ लागला. महाजालाने मात्र तिसराच प्रकार आणला. मजकूर मुळात एकच, पण तो कोणत्या ब्राउझरमधून, म्हणजे न्याहाळकातून पाहिला जातो, यावर वाचकाला काय दिसणार हे ठरू लागले. कोणाला कोणता न्याहाळक का आवडतो, या प्रश्नाचे मराठीपुरते उत्तर शोधताना आम्हांला हा पाठभेदाचा धागा सोडता येत नाही.

न्याहाळकांच्या स्पर्धेचा इतिहास बहुधा व्यापाराच्या अंगाने सांगितला जातो. १९९४ च्या अखेरीस नेटस्केप नॅव्हिगेटर आला, १९९५ साली मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर आणला. पुढे तो विंडोजबरोबर आपोआप मिळू लागला, १९९८ साली अमेरिकेच्या सरकारने त्यावरून मायक्रोसॉफ्टविरुद्ध खटला भरला आणि निकाल लागेपर्यंत नेटस्केपची बाजी जवळजवळ संपली होती. ही हकीकत खरी आहे, पण ती रोमन लिपीतल्या वाचकाची आहे. त्याला दोन्ही खिडक्यांतून अक्षरे सारखीच दिसत. त्याची निवड वेग, सवय आणि किंमत यांवर ठरे. मराठी वाचकाचा प्रश्न त्याआधीचा होता: अक्षर दिसते का?

त्या काळी मराठी संकेतस्थळे आपापल्या खास टंकांत लिहिली जात. मूळ मजकूर रोमन चिन्हांचा असे आणि टंक त्यावर देवनागरीचा मुखवटा चढवी. टंक नसेल तर पानभर निरर्थक चिन्हे. यावर १९९७ च्या सुमारास दोन उपाय निघाले. पानाबरोबरच टंक पाठवण्याची सोय नेटस्केपने एका पद्धतीने केली, इंटरनेट एक्सप्लोररने दुसऱ्या. दोघांचे परस्परांशी जमत नव्हते. नेटस्केपच्या पुढच्या पिढीने आपली पद्धत सोडून दिली. मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीवर विसंबलेली मराठी पाने त्यानंतर एकाच खिडकीतून वाचता येऊ लागली. वाचकाने इंटरनेट एक्सप्लोरर 'पसंत' केला, असे आकडेवारीत दिसले असेल. आम्हांला ती पसंती वाटत नाही. गावाला एकच वाट असेल तर तिच्यावरच्या वर्दळीवरून वाटसरूची आवड ठरवता येत नाही.

शिक्षणाचीही त्यात भर पडली. २००१ साली एमकेसीएल स्थापन झाली आणि तिचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला. संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव यांसारख्या गावांतल्या कित्येकांना संगणक भेटला तो विंडोजच्या रूपात, आणि इंटरनेट म्हणजे पडद्यावरचे ते निळे 'ई'.

ही कोंडी फोडली युनिकोडने. प्रत्येक अक्षराला स्वतःचा संकेतांक मिळाल्यावर मजकूर टंकाच्या मालकीतून सुटला. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला, २००४ साली 'मनोगत' आले. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला फायरफॉक्सची पहिली आवृत्ती निघाली. नेटस्केपने १९९८ मध्ये खुल्या केलेल्या आज्ञावलीतून तो घडला होता. त्याच्यातही खोट होतीच. परिच्छेद दोन्ही समासांना जुळवलेला असला, की त्याच्या आरंभीच्या आवृत्त्यांत वेलांट्या आणि मात्रा अक्षरांपासून विलग होत. २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीने तो दोष दूर केला. तरीही अनेक मराठी वाचक त्याच्याकडे वळले, याची कारणे आम्हांला महत्त्वाची वाटतात. एका खिडकीत अनेक पाने उघडता येत. त्याला नव्या जोडण्या लावता येत, आणि त्यांतली 'पद्मा' नावाची जोडणी जुन्या टंकांतली पाने युनिकोडमध्ये पालटून दाखवी. येथे प्रथमच वाचकाने निवड केली असे म्हणता येते, कारण प्रथमच दोन वाटा होत्या.

खेड्यात दुसरी वाट मोबाइलने उघडली. स्वस्त फोनांत देवनागरी टंकच नसे. २००६ पासून जगभर मिळू लागलेल्या ऑपेरा मिनीत पुढे एक छुपी सोय आली: कठीण लिपीतला मजकूर दूरच्या संगणकावर चित्ररूप करून फोनवर धाडायचा. अक्षर चित्र होऊन आले, पण वाचता आले. डेटाही कमी लागे. ज्याच्याजवळ संगणक नव्हता, त्याला हे कारण पुरेसे होते.

क्रोम २००८ साली आला. अँड्रॉइड फोनांबरोबर तो हातोहाती गेला. देवनागरी आता सर्वत्र नीट दिसते, म्हणून अक्षरासाठी न्याहाळक निवडण्याचे कारण उरलेले नाही, आणि बहुतेक वाचक फोनमध्ये आधीपासून असलेलाच वापरतात. ऑपेराने २०१३ साली आणि मायक्रोसॉफ्टच्या एजने २०२० साली क्रोमच्याच मुळाशी असलेले यंत्र स्वीकारले. नावे अनेक, नकलकार जवळजवळ एकच. सफारी आणि फायरफॉक्स हे मोठे अपवाद.

यात साहित्याच्या अभ्यासकाचे काय गेले? जून २०२२ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररचा आधार काढून घेण्यात आला. त्याच्यापुरती लिहिलेली मराठी पाने, पहिल्या दशकातले लेख, कविता, वाद, जिथे जपली गेली आहेत तिथेही आज बहुधा चिन्हांचा ढीग म्हणून उघडतात. शोधयंत्राला ती मराठी म्हणून ओळखताही येत नाहीत. नकलकाराच्या चुका सुधारायला एकनाथांपुढे निदान वाचता येणाऱ्या पोथ्या होत्या. या पानांसाठी आधी टंक शोधावा लागेल, मग पालटणी, मग पाठशुद्धी. मराठी विभागांतून प्रकल्प म्हणून हे काम हाती घेता येईल, आणि ज्यांनी ती पाने लिहिली ते अजून सांगायला आहेत, तोवरच ते सोपे आहे.