जी-सिक्स-पीडीची कमतरता : घरात एकाला त्रास, दुसऱ्याला काहीच का नाही?

समजा, एकाच घरातले दोन भाऊ. रक्तातला जी-सिक्स-पीडी हा एन्झाइम दोघांतही जन्मापासून कमी. मलेरियाच्या गोळ्या घेतल्यावर एकाचे डोळे पिवळे होतात, लघवी काळ्या चहासारखी होते. दुसरा चाळिशी ओलांडतो, तरी त्याला पत्ताच नाही. जगात सुमारे 40 कोटी लोकांत ही कमतरता आहे आणि बहुतेक जण त्या दुसऱ्या भावासारखेच.

कारण असं, की हा एन्झाइम तांबड्या पेशीचा पहारेकरी आहे. पेशीला ऑक्सिडेशनपासून तो वाचवतो. रोजच्या जगण्यात हल्ला किरकोळ असतो, त्यामुळे थोडा एन्झाइमही पुरतो. प्रायमाक्विन, डॅप्सोनसारखी औषधं, मोठा संसर्ग किंवा बाकल्याच्या शेंगा, यांनी भार वाढला की पेशी फुटतात. (आपले वाल-पावटे म्हणजे बाकला नव्हे, उगाच घाबरू नका.) म्हणजे दुसरा भाऊ 'बरा' नाही, त्याच्यावर तशी वेळच आलेली नाही. शिवाय ही कमतरता सगळ्यांत सारखी नसते. भारतात आढळणाऱ्या एका प्रकाराचं नावच 'केरळ-कल्याण' आहे, तेच आपलं मुंबईजवळचं कल्याण.

मुलींचं गणित वेगळं. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलाकडे एक्स एकच, तोही अम्मीकडून आलेला. मुलीकडे दोन, पण प्रत्येक पेशीत त्यातला एकच चालू राहतो. त्यामुळे एक्स सदोष एकच असेल, तर तिच्या काही पेशी चांगल्या, काही कमकुवत. प्रमाण कसं पडलं त्यावर त्रास ठरतो. अब्बांमध्ये कमतरता आणि अम्मी वाहक असेल तर मुलीचे दोन्ही एक्स सदोष असू शकतात. जवळच्या नात्यातल्या लग्नांत ही शक्यता वाढते.

व्हायव्हॅक्स मलेरियासाठी प्रायमाक्विन लिहून दिलं, तर डॉक्टरांना विचारा, "जी-सिक्स-पीडी तपासलंय का?" भावाला किंवा मामूला पूर्वी असा त्रास झाला असेल तर तेही सांगा. आणि एक गोष्ट नेहमी निसटते. पेशी फुटत असतानाच तपासणी केली तर रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो, कारण जुन्या पेशी आधी फुटतात आणि नव्या पेशींत एन्झाइम जास्त असतो. म्हणून साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं लागतं.

बाळाच्या दुलईत मात्र डांबरगोळ्या ठेवू नका. त्यातल्या नॅप्थलीनमुळे अशा बाळाला जोराची कावीळ होऊ शकते.