पलंगाखालचा पलंग

दोन भावंडांच्या छोट्या खोलीसाठी पलंग बघायला गेलं की फर्निचरवाला हमखास दोन प्रकार दाखवतो: एकावर एक असलेला बंक बेड, नाहीतर पलंगाच्या पोटातून चाकांवर ओढून काढायचा दुसरा पलंग. दोन्ही मुलांसाठीच घडवले असावेत असं वाटतं. पण मुलांच्या खोलीत ते फार उशिरा आले. त्याआधी त्यांच्यावर झोपली ती चाकरमाणसं, गरीब विद्यार्थी, खलाशी आणि प्रवासी.

यातला चाकांचा पलंग थोरला. मध्ययुगाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या सधन घरांत धन्याचा पलंग चांगला उंच असे. लाकडी चौकटीत दोर ताणायचे आणि वर गाद्या रचायच्या. खाली जी पोकळी उरे तिथे छोट्या चाकांचा बुटका पलंग सरकवून ठेवत. रात्री तो बाहेर ओढला की चाकर धन्याच्या हाकेच्या टप्प्यात. सकाळी आत ढकलला की खोली उठाबसायला मोकळी. ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजच्या पंधराव्या शतकातल्या नियमावलीत विद्यार्थ्यांच्या खोल्यांसाठी मोठ्या पलंगांबरोबर अशा चाकांच्या पलंगांचीही तरतूद आहे. शेक्सपिअरच्या ‘मेरी वाइव्ज ऑफ विंडसर’मध्ये फॉलस्टाफ सरायीत उतरतो, त्या खोलीतही ही जोडी आहे.

इंग्रज वसाहतवाल्यांबरोबर हा पलंग अमेरिकेत गेला आणि तिथल्या आटोपशीर घरांत चाकराच्या जागी मुलं आली. आईबापांच्या पलंगाखालून तो रात्री निघे आणि भावंडं त्यात ओळीनं आडवी होत. मला या कुळकथेतलं हे वळण सगळ्यांत मोलाचं वाटतं. हाकेचं जे अंतर हुकूम ऐकण्यासाठी राखलं होतं, तेच रात्री दचकून उठणाऱ्या पोराला आधाराचं झालं.

बंक बेडचं घराणं निराळं. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात कपाटासारखे बंद लाकडी पलंग असत. त्यांतल्या काही दुमजली पलंगांत धाकटी मंडळी वर झोपत. जहाजांवर तर खलाशांना एकावर एक निजवण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. 1860 च्या दशकात अमेरिकेत जॉर्ज पुलमनने रेल्वेच्या डब्यात वरचा बर्थ बिजागऱ्यांवर बसवला. दिवसा तो छताकडे मिटे, खालच्या बाकावर माणसं बसत. आपल्या स्लीपर डब्यातला, दिवसा पाठ टेकायला उतरणारा मधला बर्थ हीच अडचण दुसऱ्या रीतीनं सोडवतो. मग दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कजवळ लेव्हिटाउनसारख्या वसाहती उठल्या. 1947 मधली तिथली पहिली घरं जेमतेम 750 चौरस फुटांची, झोपायच्या खोल्या दोन. एक आईबापांची, म्हणजे उरलेली एक सगळ्या मुलांची. अशा खोलीत एकावर एक पलंग सोयीचाच.

पण खलाशाच्या मापाची वस्तू मुलाला देताना माप बदलावं लागतं, हे फार दुःख सोसून कळलं. कठड्याच्या फटीतून लहान मुलाचं धड निसटे आणि डोकं अडके. भिंत आणि गादी यांच्यामधल्या सापटीतही तेच होई. मुलं दगावली. ब्रिटनने 1987 मध्ये या फटींसाठी कायदेशीर नियम केले. अमेरिकेत 2000 साली लागू झालेल्या नियमांनुसार वरच्या पलंगाला भिंतीच्या बाजूनेही कठडा लागतो, त्यातली फट साडेतीन इंचांपेक्षा कमी लागते आणि कठडा गादीच्या वर किमान पाच इंच उरावा लागतो. सहा वर्षांखालचं मूल वर झोपवू नये, ही सूचनाही पलंगावरच असते.

म्हणून दुकानात रंग आणि कप्पे पाहण्याआधी पट्टी काढून या फटी मोजाव्यात. कठडा पुरेसा उंच असला तरी वर जाड गादी टाकली की ती उंची गिळते, हे आईबापांच्या ध्यानात येत नाही. आपल्या घरांत आणखी एक माप महत्त्वाचं, ते छताच्या पंख्याचं. वरचं मूल उठून बसलं आणि त्यानं हात ताणला, तर पातं त्याच्यापासून दूरच राहायला हवं. ते जमत नसेल, किंवा दोन्ही मुलं सहाच्या आतली असतील, तर चाकांचा पलंगच घ्यावा. मात्र तो बाहेर ओढायला रात्री तेवढी जमीन मोकळी राहते का, हे आधी खडूनं आखून बघावं.