बंदरातला विश्वास

रेवदंड्याजवळचे चौल आज नारळी-पोफळीच्या वाड्यांतले शांत गाव आहे. इ.स. ९१६ मध्ये (हिजरी ३०४) बगदादचा इतिहासकार अल-मसूदी याच किनाऱ्यावर उतरला, तेव्हा ते गजबजलेले बंदर होते. त्याच्या लेखनात ते ‘सैमूर’ या नावाने येते. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून येऊन स्थायिक झालेले आणि येथेच जन्मलेले असे सुमारे दहा हजार मुसलमान त्याला तेथे आढळले.

ही माणसे तलवार घेऊन आलेली नव्हती. दख्खनवर राष्ट्रकूटांचे आणि या किनाऱ्यावर त्यांचे मांडलिक शिलाहार झंझ राजाचे राज्य होते. मुसलमानांचे तंटे सोडवण्यासाठी राजा त्यांच्यातूनच एक प्रमुख नेमत असे. त्याला ‘हुनरमन’ म्हणत.

राजांनी एवढी मोकळीक का दिली? यामागे औदार्य होते, तसा व्यवहारही होता. मोसमी वाऱ्यांवर चालणाऱ्या गलबतांना परतीच्या वाऱ्यासाठी महिनोन्महिने थांबावे लागे. जेथे माल सुरक्षित, न्याय मिळण्याची खात्री आणि इबादतीला मशीद, तेथेच व्यापारी नांगर टाकणार. तो थांबला की जकात जमते, वखारी भरतात, घाटावरून उतरणाऱ्या मालाला गिऱ्हाईक मिळते. तांडेवाला, विणकर, सुतार, खलाशी अशा कितीतरी घरांची चूल त्यावर पेटते.

हा विश्वास कोठवर गेला होता, ते पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे सापडलेला शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा ताम्रपट सांगतो. राष्ट्रकूट राजाने संजाण मंडळाचा कारभार महंमद नावाच्या ताजिक, म्हणजे अरब अधिकाऱ्याकडे सोपवला होता. संस्कृत लेखात त्याचे नाव ‘मधुमती’ असे होते. त्याने नदीवर मोफत तर सुरू केली, भात, कालवण, तूप देणारे अन्नछत्र घातले. भगवतीच्या मठासाठी दिलेल्या जमिनीचे दानही त्याच्याच कारकिर्दीतले. बंदराच्या उत्पन्नाचा लाभ वाटसरूपर्यंत पोहोचला तो असा.

याउलट चित्र १५०८ सालचे. पोर्तुगीज आरमाराने आदिलशाहीचे दाभोळ जाळले. पुढे त्यांचा परवाना नसलेले जहाज समुद्रावर पकडले जाऊ लागले. व्यापार थांबला नाही, पण नफ्याचा मोठा वाटा दहशतीच्या जोरावर लिस्बनकडे वळला. ज्या किनाऱ्यावर परदेशी माणूस शेजारी होऊन राहत होता, तेथे आता तो पहारेकरी झाला.

‘तुम्ही कोठून आलात?’ असे कोकणी मुसलमानाला आजही विचारले जाते. त्या उत्तराचा एक धागा चौलच्या बंदरात आहे. येथे आलेल्याला ठेवून घेणारा राजा होता, राहिलेल्याने येथेच घर केले, आणि त्या व्यवहारात दोघांचेही भले झाले. आपल्या मुलांना हे माहीत असायला हवे, विचारणाऱ्यालाही.