इन्सर्ट, सरपणाचा (जुना) : बसवणी व जुळवणी

विटांच्या किंवा दगडी फायरप्लेसच्या खोबणीत सरकवून बसवायचा, पुढे काचेचे दार असलेला बंद लोखंडी स्टोव्ह. अमेरिका व कॅनडातील घरांत तो मोठ्या प्रमाणावर आढळतो आणि हातबदल होऊनही पुष्कळ विकला जातो. उघड्या फायरप्लेसमध्ये सरपणातील उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा खोलीला मिळतो. उरलेली उष्णता धुराड्यावाटे जाते आणि खोलीतली आधीच तापलेली हवाही सोबत ओढून नेते. त्याच खोबणीत नीट बसवलेला इन्सर्ट ६० ते ७५ टक्के उष्णता घरात ठेवतो. अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब ज्यांनी पेटवला आहे त्यांना यातले मुख्य तत्त्व ठाऊकच आहे : खालच्या जाळीतून हवा आत येते, मधल्या नळातून धूर वर जातो आणि नळ तापला की ओढ वाढते. महाबळेश्वरच्या ब्रिटिशकालीन बंगल्यांतही फायरप्लेस आहेत; त्या मात्र उघड्या जाळाच्या.

पूर्वपीठिका : बेंजामिन फ्रँक्लिन यांनी फायरप्लेसमध्ये बसणाऱ्या लोखंडी पेटीची माहिती १७४४ मध्ये पुस्तिकेद्वारे दिली, तिचे पेटंट घेण्यास त्यांनी नकार दिला. १९७३ च्या तेलटंचाईनंतर सरपणाच्या स्टोव्हची मागणी एकदम वाढली आणि आज जुन्या बाजारात दिसणारे अनेक जड, साध्या पेटीचे इन्सर्ट त्यानंतरच्या दीड दशकातले आहेत.

उत्सर्जनाचे नियम : जुना इन्सर्ट घेताना पहिला प्रश्न त्याच्या वर्षाचा असतो, कारण मर्यादा टप्प्याटप्प्याने कडक झाल्या. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने (ईपीए) १९८८ मध्ये पहिला देशव्यापी नियम केला. १९९० पासून बनलेल्या स्टोव्हना ताशी ७.५ ग्रॅम कणरूप धूर, आणि उत्प्रेरक (धूर कमी तापमानालाच जाळणारा भाग) असलेल्यांना ४.१ ग्रॅम, अशी मर्यादा होती. २०१५ मध्ये ती सर्वांसाठी ४.५ ग्रॅम झाली. मे २०२० पासून ती २ ग्रॅम आहे. चाचणी प्रत्यक्ष सरपणाच्या फाळक्यांवर घेतली असल्यास २.५ ग्रॅम. ही मर्यादा नव्या मालाला लागू होते. घरात आधीपासून असलेला स्टोव्ह काढण्याची सक्ती या केंद्रीय नियमात नाही. स्थानिक कायदे मात्र पुढे जातात. ऑरेगनमध्ये घर विकताना अप्रमाणित स्टोव्ह काढावा लागतो. वॉशिंग्टन राज्यात असा स्टोव्ह विकणे वा बसवणे बेकायदा आहे. माँट्रियल शहरात ऑक्टोबर २०१८ पासून ताशी २.५ ग्रॅमपेक्षा जास्त कण सोडणारे साधन वापरता येत नाही. प्रयोगशाळेत मोजलेले आकडे घरच्या वापराशी कितपत जुळतात, याबाबत मतभेद आहेत.

युरोपीय संघात जानेवारी २०२२ पासून स्वतंत्र मानके लागू आहेत.

निवड : प्रमाणपत्राची धातूची पट्टी सहसा मागे किंवा बाजूला रिव्हेटने ठोकलेली असते. पट्टी नसेल तर इमारत परवाना व विमा दोन्ही अडतात. इतर सर्व उत्तम असले तरी असा इन्सर्ट घेऊ नये. अंधारात पेटीच्या आत विजेरी लावून बाहेरून पाहिले की सांध्यांतल्या फटी दिसतात. वरच्या बाजूचा आडपडदा वाकलेला नसावा आणि दुय्यम हवेच्या भोकाभोकांच्या नळ्या जळून गेलेल्या नसाव्यात. तडकलेल्या भट्टीच्या विटा आणि विरलेली दाराची (कडेची फट बंद करणारी) दोरी सहज बदलता येते. ओतीव लोखंडाला गेलेला तडा ही वेगळी गोष्ट आहे. काच फुटली असेल तर तिच्या जागी सिरॅमिक काचच हवी. ती तापल्यावर जवळजवळ प्रसरण पावत नाही. साधी किंवा टफन केलेली काच येथे चालत नाही.

धुराडे व अस्तर : या नोंदीत धुराड्याला स्टोव्हपेक्षा जास्त जागा दिली आहे, कारण हवा ओढण्याचे सारे काम तेच करते. १९८० च्या सुमारापर्यंत अनेक इन्सर्ट कोणताही नळ न जोडता नुसते खोबणीत ढकलले गेले. स्टोव्हच्या गळ्यातून (धूर बाहेर पडण्याच्या तोंडातून) निघालेला धूर मग वरच्या मोठ्या पोकळीत पसरतो, थंडावतो आणि सुमारे १२०° से.च्या खाली आला की त्यातील बाष्प व डांबर विटांवर बसते. हे क्रिओसोट होय. ते पेटले तर धुराड्यात १,०००° से.पेक्षा जास्त तापमान होऊ शकते. शिवाय असे धुराडे झाडायचे तर दीडदोनशे किलोचा इन्सर्ट दर वेळी बाहेर ओढावा लागतो. जुना इन्सर्ट ज्या घरातून आला तिथे तो असाच बसवलेला असेल, तर ती पद्धत त्याच्याबरोबर नव्या घरात आणू नये.

एनएफपीए २११ या अमेरिकी मानकानुसार धूरमार्गाचे क्षेत्रफळ स्टोव्हच्या गळ्याच्या तिपटीपेक्षा जास्त नसावे. धुराड्याची भिंत घराबाहेर उघडी असेल तर दुपटीपेक्षा. ६ इंची गळ्याचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौ. इंच असते. आतून १० इंच चौरस असलेला धूरमार्ग १०० चौ. इंचांचा, म्हणजे साडेतीनपट. म्हणूनच गळ्यापासून थेट माथ्यापर्यंत स्टेनलेस स्टीलचे अस्तर सोडतात. सरपणासाठी ३१६ जातीचे लवचीक अस्तर सर्रास वापरले जाते. बाहेरच्या भिंतीवरील धुराड्यात त्याला सिरॅमिक लोकरीचे वेष्टन घालणे प्रस्तुत लेखकाला अनिवार्य वाटते. घराच्या मधोमध असलेल्या धुराड्याबाबत मते भिन्न आहेत. जुन्या मोठ्या इन्सर्टचा गळा ८ इंची असतो. तो ६ इंचांवर आणायचा असेल तर उत्पादकाच्या पुस्तिकेत तशी परवानगी हवी.

ओढीचा हिशेब साधा आहे. धुराडे ५ मीटर उंच, आतला धूर सरासरी २००° से. आणि बाहेर ०° से. असेल, तर घर्षण वजा न करता सुमारे २७ पास्कल ओढ मिळते. तोच धूर १००° से.पर्यंत थंडावला तर ती १७ वर येते. बाहेर १५° से. असेल तर १४ च्या आत. बहुतेक स्टोव्हना १२ ते २५ पास्कल लागतात. अनेक घरांत डिसेंबरात उत्तम चालणारा इन्सर्ट एप्रिलमध्ये दार उघडताच खोलीत धूर सोडतो, त्याचे कारण या आकड्यांत आहे. धुराड्याचे तोंड छपरातून निघते तिथून किमान ३ फूट वर आणि १० फुटांच्या परिघातील कोणत्याही भागापेक्षा २ फूट उंच असावे.

बसवणी : कारखान्यात बनलेल्या पत्र्याच्या फायरप्लेसमध्ये प्रत्येक इन्सर्ट चालत नाही, पट्टीवर व पुस्तिकेत तसा उल्लेख लागतो. खोबणीच्या वरची जुनी झडप काढून किंवा कापून अस्तर खाली आणतात. झडपेच्या जागी पोलादी पत्रा बसवून त्यावर खनिज लोकर घातली की गरम हवा विटांच्या पोकळीत अडकून न राहता खोलीत येते. हे काम थोडक्या खर्चाचे आहे, पण पुष्कळदा गाळले जाते आणि मग दोष स्टोव्हच्या माथी येतो. कॅनडात दारापुढे ४५० मिमी. न जळणारी फरशी लागते. अमेरिकेत १६ इंच हे नेहमीचे माप आहे. कॅनडातील विमा कंपन्या बहुधा ‘वेट’ या संस्थेच्या प्रमाणित तपासनिसाचा दाखला मागतात. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र त्याच मजल्यावर हवे.

जुळवणी : दारात कागदी नोट धरून दार बंद करावे, ती सहज सरकली तर दोरी बदलावी किंवा कडी घट्ट करावी. हे आधी. गळके दार असलेल्या स्टोव्हची हवा-दांडी (आत येणारी हवा कमीजास्त करणारी दांडी) कितीही हलवली तरी आग ताब्यात येत नाही. रंग व दोरी पक्की होण्यासाठी पहिले दोनतीन जाळ लहान ठेवतात. तेव्हा येणारा रंगाचा वास जावा म्हणून खिडकी उघडी ठेवावी.

पेटवताना हवा पूर्ण उघडी असते. फाळकी नीट पेटली की दांडी एकदम बंद न करता पाव-पाव हिश्शाने ढकलावी. आडपडद्याखाली सुमारे ६००° से. झाले की नळ्यांतून येणारी तापलेली हवा धुरालाच पेटवते. भोकांपाशी संथ, निळसर-पिवळ्या ज्वाळा लोंबताना दिसतात. ही खूण दिसली की जुळवणी साधली. उत्प्रेरक असलेल्या स्टोव्हमध्ये हेच काम सुमारे २६०° से.ला सुरू होते, म्हणून त्याची बगल-झडप (धूर उत्प्रेरकाला टाळून सोडणारी) त्याआधी मिटू नये. इन्सर्टमध्ये नळ झाकलेला असल्याने तापमापी माथ्यावर ठेवतात. २०० ते ३५०° से. हा सर्वसाधारण पल्ला आहे. काच काळी पडणे आणि धुराड्यातून पांढरट धूर निघत राहणे याचा अर्थ आग धुमसते आहे. हवा-दांडीला मर्यादा घालणारा खिळा काढून टाकण्याचा सल्ला काही वापरकर्ते देतात. त्याने प्रमाणपत्राचा अर्थच उरत नाही.

सकाळी धुराडे थंड असताना ओढ उलटी असू शकते. जवळची खिडकी किंचित उघडून पेटता कागद आडपडद्यापाशी धरला की ती वळते. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट त्या वेळी बंद असावा. बाहेरची हवा थेट स्टोव्हला जोडावी की नाही, हा वादाचा विषय आहे.

सरपण : ओलाव्याचे प्रमाण २० टक्क्यांच्या आत हवे. हातातला मीटर कोरड्या लाकडाच्या वजनाशी प्रमाण दाखवतो, म्हणजे २० टक्के याचा अर्थ एक किलो सुक्या लाकडामागे २०० ग्रॅम पाणी. ताज्या लाल ओकमध्ये ही संख्या ७० ते ८० असते, अ‍ॅशमध्ये ४५ च्या आसपास. पाण्याचा प्रत्येक किलो वाफ होताना सव्वादोन मेगाज्यूल उष्णता घेतो आणि नेमक्या त्या वेळी घेतो जेव्हा धुराला पेटण्यासाठी ती हवी असते. मोजमाप नव्याने फोडलेल्या आतल्या बाजूवर करावे; बाहेरची साल फसवते. ओक फोडून, रचून, वरून झाकून दोन उन्हाळे ठेवावा लागतो. स्टोव्ह ‘नीट चालत नाही’ म्हणून पुन्हा विकणाऱ्याने आधी एवढे तपासावे.

देखभाल : क्रिओसोटचा थर ३ मिमी. झाला की अस्तर झाडावे. दर वर्षी एकदा तपासणी.

राख झाकणाच्या धातूच्या बादलीत, घराबाहेर, न जळणाऱ्या जमिनीवर ठेवावी. आतले निखारे काही दिवसही जिवंत राहू शकतात.